घराच्या आतला उजेड

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस असलेली चामराजपेट ही त्या शहरातील आरंभीच्या आखीव वस्त्यांपैकी एक. १८९२ साली ती वसविण्यात आली. सरळ रेषेत काढलेले रस्ते, ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा नावांपुढे आकडे घालून त्यांना दिलेली ओळख, आणि त्या रस्त्यांकडे तोंड करून उभी असलेली घरे, हे तिचे मूळचे रूप. जुन्या घरांपैकी जी अद्याप टिकून आहेत त्यांच्यात तांबड्या रंगाची तुळतुळीत जमीन असते, आणि उन्हे बाहेर कितीही तापली तरी माजघरात मात्र अर्धवट काळोख असतो. बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध १६३८ नंतरच्या शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत मागे जातो. त्यामुळे कानडी मुलखातील अशा घरांतून मराठी बोलणारी कुटुंबे नांदत आली, यात नवल नाही.

म्हैसूर संस्थानच्या या मुलखात एक चित्र छापील प्रतीच्या रूपाने घरोघरी गेले. एक स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात दिवा आहे. दुसऱ्या हाताच्या आडोशाने ती ज्योत जपते आहे. त्या हाताच्या बोटांमधून उजेड तांबूस होऊन झिरपतो आणि तिच्या चेहऱ्यावर पसरतो. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते मुद्दाम अंधाऱ्या जागी ठेवलेले असल्यामुळे पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की कागदाच्या मागे खरोखरच दिवा लावलेला आहे. अनेकांना हे चित्र राजा रविवर्म्याचे वाटते. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर या सावंतवाडीस जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या चित्रकाराचे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते. १९४५-४६ च्या सुमारास ते जलरंगांत रंगविले गेले, आणि त्यातील स्त्री म्हणजे हळदणकरांची कन्या गीता.

दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेली आपली मुलगी दिसली आणि चित्र सुचले, अशी त्याची हकीकत सांगतात. म्हणजे या चित्राचा उगम पुराणात नाही, इतिहासात नाही. तो घरात आहे. घरातील रोजच्या एका कृतीकडे चित्रकाराचे लक्ष गेले, एवढेच ते घडले. परंतु घर हा चित्राचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट स्वयंसिद्ध नव्हती. युरोपातील अकादमींच्या उतरंडीत पुराणे, धर्मकथा आणि इतिहास यांना वरचे स्थान होते. पाळणा, न्याहारीचे टेबल, इस्त्री करणारी बाई हे विषय खालच्या पायरीवर होते. ही उतरंड ज्यांनी मोडली त्यांच्यात फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकार अग्रभागी होते. त्यांनी घर कसे पाहिले, आणि आपल्याकडे ते कसे पाहिले गेले, याचा शेजारी शेजारी ठेवून विचार केला तर एक प्रश्न सतत समोर येतो. घराचे चित्र काढणारा कोठे उभा आहे? आत की उंबऱ्यावर?

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन उघडले. क्लोद मोने याच्या सूर्योदयाच्या चित्रावरून लुई लरुआ या टीकाकाराने त्यांची टर उडविली, आणि त्या थट्टेतूनच संप्रदायाला नाव मिळाले. या चित्रकारांविषयी सर्वसाधारण वाचकाच्या मनात जे चित्र असते ते नदीचे, धुक्याचे, उघड्या आकाशाचे. कथलाच्या नळ्यांतून तयार रंग मिळू लागल्यामुळे त्यांना स्टुडिओबाहेर पडता आले, हेही खरे. पण त्याच प्रदर्शनात घराच्या आतलीही चित्रे होती. मोनेचे ‘न्याहारी’ हे १८६८ सालचे मोठे चित्र तेथे होते. अधिकृत ‘सलाँ’ने ते १८७० मध्ये नाकारले होते. त्यात टेबलाशी बसलेली कामीय आणि तिचा लहानगा मुलगा दिसतो, मागे मोलकरीण दिसते. टेबलावर एक जागा रिकामी आहे आणि तेथे वर्तमानपत्र ठेवलेले आहे. घरचा पुरुष अजून यायचा आहे. सगळे घर जणू त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले आहे.

त्याच प्रदर्शनात बेर्त मोरिझो हिचे ‘पाळणा’ हे चित्रही होते. १८७२ साली रंगविलेल्या या चित्रात तिची बहीण एदमा झोपलेल्या ब्लांशकडे पाहत बसली आहे. पाळण्यावरच्या झिरझिरीत पडद्यातून बाळ अस्पष्ट दिसते. येथे कोणाची वाट पाहिली जात नाही. आई आणि बाळ यांच्यामधले ते अंतर आणि आईच्या चेहऱ्यावरचा, ज्याला केवळ वात्सल्य म्हणता येणार नाही असा, विचारी थकवा हाच चित्राचा विषय आहे. या थकव्याला एक इतिहास आहे. एदमा स्वतः चित्रकार होती. दोघी बहिणींनी कोरोसारख्या श्रेष्ठ निसर्गचित्रकाराकडे धडे घेतले होते. १८६९ मध्ये एदमाचे लग्न झाले आणि तिने चित्रकला सोडली. ज्या बहिणीच्या हातून कुंचला सुटला तिला, जिच्या हातात तो राहिला त्या बहिणीने रंगविले. हे ठाऊक झाल्यावर ते चित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही.

मोरिझो आणि अमेरिकेतून पॅरिसला येऊन राहिलेली मेरी कॅसाट यांनी घर रंगविले ते केवळ आवडीने नव्हे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार स्त्रियांना १८९७ पर्यंत बंद होते. त्यांच्या मित्रांच्या कलाचर्चा ज्या कॅफेंत रंगत तेथे कुलीन घरातील स्त्रीने एकटीने जाऊन बसणे शक्य नव्हते. रस्ता, रंगभूमीच्या पडद्यामागची जागा, मद्यगृहे ही दगाच्या आणि माने यांच्या चित्रांतली ठिकाणे त्यांना जवळजवळ अगम्य होती. उरले घर. मोरिझो आपल्या दिवाणखान्यातच चित्रे काढी आणि पाहुणे आले की रंगसाहित्य दृष्टिआड करी. संप्रदायाच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिने भाग घेतला; एकदाच, १८७९ मध्ये, ती अनुपस्थित होती, कारण तिची मुलगी झ्युली त्याच्या थोडे आधी जन्मली होती. बंधनातून तिने दृष्टी घडविली. घराच्या आत वाट्याला आलेली जागा हेच तिने पाहण्याचे ठिकाण केले, आणि मग त्या जागेतून पुरुष चित्रकाराला न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या.

त्यांत एक गोष्ट अशी आहे की तिने मोरिझोलाही थोडे अवघडल्यासारखे व्हावे. झ्युलीला दूध पाजण्यासाठी ठेवलेल्या दाईचे चित्र तिने १८८० च्या सुमारास काढले. मालकीण चित्र काढते आहे, आणि तिचे मूल दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पीत आहे. चित्रातील स्त्री काम करते आहे. चित्र काढणारी स्त्रीही कामच करते आहे. आणि दुसरीचे काम पहिलीच्या कामावर उभे आहे. घरगुती जीवन म्हणजे निव्वळ शांतता, असा समज करून घेऊन या चित्रांकडे जाणाऱ्याला हे चित्र थांबविते. घरात श्रम असतात आणि ते सर्वांचे सारखे नसतात, हे मोरिझोच्या कुंचल्याने न बोलता सांगितले. दगाने इस्त्री करणाऱ्या बायका रंगविल्या, पिसारोने खोली झाडणारी लहान मोलकरीण रंगविली. पण ते बाहेरून पाहणे होते. १८९५ मध्ये मोरिझो वारली तेव्हा तिच्या मृत्यूच्या नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले गेले.

आता आपल्याकडे वळू. चामराजपेटेला ज्यांचे नाव मिळाले ते चामराजेंद्र वडियार यांनी १८८५ मध्ये राजा रविवर्म्याला म्हैसूरला बोलाविले होते. त्यांच्याच काळात, १८८१ साली, म्हैसूरला मुलींसाठी महाराणींच्या नावाची शाळा निघाली. चित्रकलेचा आश्रय आणि स्त्रीशिक्षणाचा आरंभ या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत घडाव्यात, हे या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जगनमोहन राजवाड्यात पुढे १९१५ साली चित्रसंग्रह उभा राहिला. त्यात रविवर्म्याचे निरनिराळ्या प्रांतांच्या वेशांतील वादक स्त्रियांचे प्रसिद्ध चित्र आहे. रविवर्म्याने स्त्रिया पुष्कळ रंगविल्या. महाराष्ट्रातील नऊवारी लुगड्याचा त्याच्या देवतांवर झालेला परिणाम तर आपल्या परिचयाचाच आहे. १८९३ मध्ये त्याने आपली मुलगी महाप्रभा हिचे ‘ते पाहा बाबा आले’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे चित्र काढले. कडेवर मूल घेतलेली आई चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी बोट दाखविते आहे. मोनेच्या चित्रातील रिकामी खुर्ची येथे चौकटीबाहेर गेली आहे इतकेच. दोन्ही घरे येणाऱ्या पुरुषाची वाट पाहताहेत. आणि तो येणारा पुरुष, एका अर्थाने, चित्रकारच आहे.

योगायोग असा की त्याच १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्याची दहा चित्रे गेली होती, आणि त्याच प्रदर्शनातील स्त्रियांच्या दालनासाठी मेरी कॅसाटने आधुनिक स्त्रीवर एक भव्य भित्तिचित्र केले होते. त्याच्या मध्यभागी ज्ञानाची फळे खुडणाऱ्या तरुणी होत्या. ते भित्तिचित्र पुढे नाहीसे झाले. रविवर्म्याची चित्रे भारतातील स्त्रियांची रूपे दाखवीत होती; कॅसाटचे चित्र स्त्रियांचे एक कृत्य दाखवीत होते. एकाच आवारात या दोन दृष्टी शेजारी शेजारी असाव्यात, याहून बोलका प्रसंग शोधून सापडणार नाही.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत घडलेल्या चित्रकारांनी गृहजीवन हा विषय आपलासा केला तो वास्तववादी शिक्षणातून. पेस्तनजी बोमनजी यांनी पारशी घरातील स्त्रीजीवन रंगविले. पोपटाला खाऊ घालणाऱ्या स्त्रीचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते ‘आलीस का लक्ष्मी?’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्राला. नावापासूनच ते घरातले बोलणे आहे. गोव्यात जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी आपली पत्नी फ्लोरेंतिना हिला पुन्हा पुन्हा रंगविले. फ्रेंच दृक्प्रत्ययवादाचे तुटक फटके या शाळेत रुजू लागले ते बरेच उशिरा, १९३६ नंतर चार्ल्स जेरार्ड यांच्या कारकिर्दीत. त्यामुळे या चित्रांत प्रकाश आहे, परंतु तो वस्तूंना विरघळवीत नाही. लुगड्याचा काठ, पितळेची चकाकी, कपाळावरचे कुंकू सारे आपापल्या जागी ठाम असते. चित्रकाराचे प्रेमही त्यांत निःसंशय आहे. पण पत्नी असो वा मुलगी, ती बहुधा काम थांबवून उभी राहिलेली असते. तिला ‘उभे राहा’ असे सांगितलेले आहे.

हळदणकरांच्या चित्राकडे या दृष्टीने परत पाहावे. जलरंगात चूक पुसता येत नाही. गडद पार्श्वभूमीत कागदाचा पांढरेपणा राखून प्रकाश निर्माण करणे हे त्या माध्यमातील अत्यंत अवघड काम, आणि हळदणकरांचे प्रभुत्व त्या राखलेल्या उजेडात आहे. तरीही दिवा लावणे हे घरातील रोजचे काम होते, हे विसरता येत नाही. वाती वळणे, काजळी पुसणे, तेल घालणे, तिन्हीसांजेला उंबऱ्याशी दिवा नेणे, वारा असला तर हाताचा आडोसा धरणे, हे सगळे कोणीतरी रोज करीत असे. चित्रात त्या कामाचा एकच क्षण निवडला गेला, आणि नाव मिळताच तो क्षण आशेचे प्रतीक झाला. काम दिसेनासे झाले, प्रतीक उरले. ज्या गीताबाई त्या क्षणासाठी उभ्या राहिल्या त्या पुढे उपळेकर झाल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये कोल्हापूर येथे निवर्तल्या. त्या चित्राला लाखो लोकांनी पाहिले. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते.

गीताबाईंच्या पिढीतील दुसऱ्या दोन कन्यांच्या हाती मात्र कुंचला आला. धुरंधरांची मुलगी अंबिका १९१२ साली जन्मली. वडिलांच्याच कलाशाळेतून १९३१ मध्ये तिने पदविका मिळविली. त्रिंदादांची मुलगी अँजेला १९०९ ची. तीही त्याच शाळेची. पॅरिसमध्ये मोरिझोला जे दार बंद होते ते मुंबईत या मुलींना उघडे मिळाले. मग त्यांनी काय रंगविले? अंबिकाबाई ऐतिहासिक व पौराणिक विषयांकडे आणि व्यक्तिचित्रांकडे वळल्या. अँजेला यांनी भारतीय वेशातील ख्रिस्तमाता रंगविली आणि पुढे त्या अमूर्त रचनांपर्यंत गेल्या. घर, स्वयंपाकघर, पाळणा हे त्यांच्या चित्रांचे केंद्र झाले नाही. याचा दोष त्यांना देता येणार नाही. प्रतिष्ठा आणि आश्रय इतिहासचित्राला होता. शिवाय ज्या स्त्रीला घराबाहेर पडण्याचा मार्ग नुकताच सापडला आहे तिने पुन्हा घरच रंगवावे, अशी अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा जुलूमच. मोरिझोला घर रंगवावे लागले, कारण बाहेर जाता येत नव्हते. आपल्या मुलींनी ते रंगविले नाही, कारण त्या बाहेर पडल्या होत्या. अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्या मुली स्वतःशीच विचारात बुडालेल्या दिसतात. आत उभी राहून पाहणाऱ्या नजरेचा तो स्पर्श मुंबईच्या रसिकांनी तेव्हा पाहिला. पण शेरगिल १९४१ मध्ये, ऐन तारुण्यात गेली.

तेव्हा मराठी घराचे आतून पाहिलेले चित्र कोठे आहे? ते भिंतीवर नाही, ग्रंथालयाच्या कपाटात आहे. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी घ्या. पतीच्या आग्रहाने शिकू लागलेल्या मुलीला घरातल्याच वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे कसे सोसावे लागले, हे त्यात आहे. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या चित्रकाराला हे दिसणे शक्य नव्हते. त्याच्यासमोर त्या सगळ्या स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन शांत उभ्या राहिल्या असत्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथेचे तर नावच ‘स्मृतिचित्रे’ आहे. १९३४ ते १९३७ या काळात तिचे भाग निघाले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी मिठापर्यंत सारे जिन्नस धुतले जात ते बालपणीचे घर, वारंवार मोडलेला आणि पुन्हा मांडलेला संसार, हे सारे लक्ष्मीबाई बोलल्यासारख्या लिहितात. त्यांच्या लिखाणात सफाई नाही, रेखीव शेवट नाहीत. प्रसंग झटकन उजळतो आणि विझतो. लरुआने १८७४ मध्ये ज्या अपुरेपणाची थट्टा केली होती, तोच अपुरेपणा येथे सामर्थ्य झाला आहे. बहिणाबाई चौधरींच्या मरणोत्तर, १९५२ मध्ये, छापल्या गेलेल्या कवितेत तर जाते आणि चूल हीच पाहण्याची ठिकाणे आहेत. तेथे काम थांबवून कोणी उभे राहत नाही. काम चालू असतानाच कविता होते.

आणि अंबिका धुरंधर? चित्रांत जे घर त्यांनी बाजूला ठेवले, ते त्यांच्या आत्मकथेत आले. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘माझी स्मरणचित्रे’ असे आहे. व्यवसायाने चित्रकार असलेल्या स्त्रीलाही आपल्या घराकडे आतून पाहायचे झाले तेव्हा रंगांपेक्षा शब्द जवळचे वाटले, याला केवळ व्यक्तिगत आवड म्हणून सोडून देता येईल असे मला वाटत नाही. आपल्याकडे स्त्रीच्या हातात लेखणी जितकी सहज येऊ शकली तितका कुंचला आला नाही. लेखणीला खोली लागत नाही, साहित्याचा खर्च लागत नाही, समोर कोणाला तासन्‌तास उभे करावे लागत नाही. कामे आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, ती चालू शकते. हा फरक साधनांचा आहे तसा मोकळ्या वेळाचाही आहे, आणि मोकळा वेळ घरात कोणाच्या वाट्याला किती येतो, हा प्रश्न मोरिझोच्या दाईपाशी आपल्याला परत नेतो. रमाबाई, लक्ष्मीबाई, अंबिकाबाई यांना लिहिता आले तेव्हा त्यांच्या घरात धुणीभांडी कोण करीत होते, याची चित्रे आणि स्मृतिचित्रे दोन्हींत कमीच नोंद आहे. आपली जनगणनाही केवळ गृहकृत्ये करणाऱ्या स्त्रीला काम न करणाऱ्यांच्या रकान्यातच मोजीत आली. मोरिझोच्या मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनाला आपण हसू शकत नाही.

कलेच्या विद्यार्थ्याने दृक्प्रत्ययवाद शिकताना ‘स्मृतिचित्रे’ हाताशी ठेवावे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ‘पाळणा’ पाहावा, अशी सूचना यातून निघते. दोघांनाही एकमेकांच्या विषयातील उणी बाजू त्यामुळे कळेल. आणि बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्याने जगनमोहन राजवाड्यातील त्या अंधाऱ्या जागी जरूर थांबावे. उजेड कोठून येतो याचा शोध सगळेच घेतात. तो घेऊन झाल्यावर त्या स्त्रीच्या हाताकडे थोडा वेळ पाहावे. ज्योतीच्या इतक्या जवळ धरलेल्या हाताला चटका बसत असला पाहिजे. चामराजपेटेतल्या एखाद्या जुन्या घरात संध्याकाळी वीज गेली, आणि कोणी आतून दिवा घेऊन आले, तर आजही हात तसाच धरला जातो.